हाउली प्लेस ते किंग हेन्रीज रोड

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा फोन आला की दरवर्षी मी एखाद्या किल्ल्यावर नाहीतर सणावर लिहून मोकळा होतो. यंदा मात्र ठरवले, की ज्या शहरात आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे गेली, त्या लंडनमधल्याच काही घरांविषयी लिहायचे. आणि त्या घरांच्या निमित्ताने माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही.

लंडनच्या जुन्या घरांवरच्या निळ्या गोल पाट्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. अमुक व्यक्ती अमुक साली येथे राहत होती, एवढेच त्यांवर लिहिलेले असते. ही कल्पना १८६३ साली विल्यम इवार्ट या खासदाराने मांडली आणि १८६६ साली सोसायटी ऑफ आर्ट्सने ती हाती घेतली. पहिली पाटी १८६७ साली कवी बायरनच्या जन्मस्थानी लागली. पुढे हे काम लंडन काउंटी कौन्सिलकडे, मग ग्रेटर लंडन कौन्सिलकडे आणि १९८६ पासून इंग्लिश हेरिटेजकडे आले. निधनाला किमान वीस वर्षे झालेली असावीत आणि ज्या घरात वास्तव्य होते ते अजून उभे असावे, हे मुख्य नियम. मला यात सर्वांत आवडते ते हे, की बहुतेक नावे सामान्य लोकांनीच सुचवलेली असतात. इतिहास पुस्तकाच्या कपाटातून काढून रस्त्यावर आणण्याचा याहून सोपा मार्ग मी तरी पाहिलेला नाही. तिकीट नाही, रांग नाही. बसची वाट पाहता पाहता माणूस चार ओळी वाचतो आणि पुढे जातो.

पण भिंतीवर कोणाचे नाव येते, हा प्रश्न उरतोच. २०२० च्या सुमारास इंग्लिश हेरिटेजने आपल्या नऊशेहून अधिक पाट्या मोजल्या, तेव्हा त्यांतल्या जेमतेम चार टक्के कृष्णवर्णीय आणि आशियाई व्यक्तींच्या निघाल्या. ज्या शहरात आपल्यासारखे लाखो लोक राहतात तेथे हे प्रमाण! तेव्हापासून थोडा फरक पडतो आहे. २०२० साली नूर इनायत खान यांच्या ब्लूम्सबरीतील घरावर पाटी लागली. १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आलेले दादाभाई नौरोजी दक्षिण लंडनमध्ये अ‍ॅनर्ली पार्क येथे राहत. त्या घराला पाटी मिळायला २०२२ साल उजाडले.

आपल्या मराठी माणसांची नावे मात्र त्याआधीच भिंतीवर आलेली होती. लोकमान्य टिळक १९१८ साली व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्धच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला आले. खटला ते हरले, पण १९१९ च्या अखेरीपर्यंत येथे राहून त्यांनी स्वराज्याची बाजू मांडली. मेडा व्हेलमध्ये १०, हाउली प्लेस येथे ते राहत. तेथे १९६१ साली पाटी लागली. हायगेटमधील ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू हे श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली सुरू केलेले इंडिया हाउस. विनायक दामोदर सावरकर १९०६ साली येथे आले. त्या घरावर १९८५ साली पाटी बसली. दोन्ही पाट्यांवर वर्णन एकच आहे : भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ.

आता चुकीकडे येतो. १९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षे झाली म्हणून आमच्या मंडळाने मुलांसाठी कोच काढून 'मराठी लंडन' दाखवायचे ठरवले. यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. मी टिळकांचे घर घेतले, इंडिया हाउस घेतले, जेवणाची सोय पाहिली आणि कमिटीपुढे कागद ठेवला. चहा झाल्यावर एका मित्राची पत्नी, आमच्या वहिनी, कागद वाचून म्हणाल्या, "भाऊजी, बाबासाहेबांचे घर राहिले वाटते. किंग हेन्रीज रोडचे."

मी काय उत्तर दिले ते आज लिहितानाही हात अडखळतो. मी म्हणालो, "त्यांचा कार्यक्रम तुमची मंडळी करतातच ना!"

मी हे अगदी सहज म्हणालो होतो. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी कागद घडी घालून परत दिला. कोच गेली, मुलांनी फोटो काढले, कार्यक्रम छान झाला असे सर्वांनी सांगितले. पुढच्या गणपतीला ते कुटुंब आले नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आम्ही आपसांत म्हणायचो, नोकरीच्या व्यापात असतील. खरे कारण मला ठाऊक होते. 'तुमची मंडळी' या दोन शब्दांनी मी त्यांना आमच्या यादीतून काढून टाकले होते.

आणि घर तरी कोणाचे वगळले होते? बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून बाबासाहेब १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्धे शिक्षण टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हातभार लावला, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा येथे येऊ शकले. १९२१-२२ मध्ये प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड येथे ते राहत होते. १९२१ साली एम.एस्‌सी., १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी डी.एस्‌सी. परदेशात शिकायला आलेल्या आपल्या मुलांना सांगण्यासारखी याहून मोठी गोष्ट कोणती? आणि नेमकी तीच मी सांगितली नव्हती.

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते घर सुमारे एकतीस लाख पौंडांना विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी स्मारक म्हणून त्याचे उद्घाटन झाले. पण अडचण पुढेच होती. घर राहण्यासाठीचे, त्याचे संग्रहालय करायला कॅम्डेन कौन्सिलची परवानगी हवी. २०१८ साली ती नाकारली गेली. राहण्याची एक जागा कमी होते, हे मुख्य कारण. काही शेजाऱ्यांची वर्दळीबद्दलही तक्रार होती. अपील झाले, २०१९ साली चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी संग्रहालयाला परवानगी दिली. शेजाऱ्यांवर मी रागावू शकलो नाही. शांत गल्लीत राहणाऱ्याला गर्दी नको असते, हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांनी त्या दारात कधी पाऊल ठेवले नव्हते असे लोक केवळ शेजारीच नव्हते. मीही त्यांतलाच होतो.

उद्घाटनाच्या बातम्या आल्या त्या आठवड्यात मी वहिनींना फोन केला. अठरा वर्षांनी! आधी माफी मागितली. मग म्हणालो, "आता परत एक सहल काढू. तुम्ही दोघे पाहुणे म्हणून या, तुमचा सत्कार करू."

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, सत्कार नको. यादी करताना बोलवा."

हे एक वाक्य माझ्या मनात घर करून बसले आहे. सर्वसमावेशक हा शब्द हल्ली प्रत्येक कौन्सिलच्या पत्रकात आणि प्रत्येक अनुदानाच्या अर्जात असतो. त्याचा अर्थ मला या वाक्याने कळला. इंग्रजांच्या भिंतीवर आपले नाव नाही म्हणून आपण तक्रार करतो, आणि ती योग्यच आहे. पण आपल्या कागदावर कोणाचे नाव नाही, हे आपण किती वेळा पाहतो? तयार कार्यक्रमाला शेवटी कोणाला बोलावणे वेगळे, आणि कार्यक्रम ठरत असताना खुर्ची देणे वेगळे.

वहिनींनी यादी केली. कोच रद्द केली आणि पायी फेरी आखली. सुरुवात वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनवर, मग हाउली प्लेस. टिळकांना त्यांनी वगळले नाही. "गणपती मंडळाला टिळक नकोत असे कसे चालेल?" म्हणून हसल्या. तेथून लिटल व्हेनिसला कालव्यावर उतरायचे. मध्ये बोगद्यापाशी काठची वाट संपते, तेथे वर रस्त्यावर येऊन पुन्हा खाली जायचे. रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयावरून प्रिमरोझ हिल आणि शेवटी किंग हेन्रीज रोड. कालव्याकाठी थांबून त्या मुलांना पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतात : १८८३ साली इंग्लंडला आलेली, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकलेली आणि शिकवणारी विधवा मराठी बाई. माझ्या १९९७ च्या यादीत एकही स्त्री नव्हती, हे मला तेव्हा कळले.

पहिल्या फेरीला आम्ही अकरा जण होतो. आता दर एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीच्या सुमारास फेरी निघते. शाळेतल्या शिक्षिका येतात, मुलांचे सोमाली आणि पोलिश मित्र येतात. एकदा घराच्या दारात वुल्व्हरहॅम्प्टनहून आलेली पंजाबी मंडळी भेटली. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता, पण बाबासाहेबांविषयी ती आमच्या मुलांपेक्षा जास्त जाणत होती. आपल्या डब्यातली पुरणपोळी आणि त्यांचे पराठे टेकडीवरच्या गवतावर वाटून खाल्ले. गेल्या वेळी माझ्या नातीने घरासमोर उभे राहून पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, "आजोबा, तुम्ही इथे पहिल्यांदा कधी आलात?" मी खरे साल सांगितले. उशीर झाला, हेही सांगितले.

वाचकहो, आपल्या गावातही अशी फेरी आखता येईल. लेस्टर असो, मँचेस्टर असो की कार्डिफ, जवळच्या ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचे दालन असते आणि तेथील माणसे आनंदाने मदत करतात. फक्त यादी लिहायला बसताना टेबलाभोवती कोण आहे ते आधी पाहा. वहिनी आता आमच्या कमिटीच्या उपाध्यक्षा आहेत. गणपतीला त्यांचे मोदक असतात, आणि पुढच्या फेरीचा कागद त्यांच्याकडेच आहे. तो अजून पूर्ण झालेला नाही.