बिल्ल्यावरचा वाघ आणि हत्ती

डब्लिनच्या स्टीफन्स ग्रीन बागेत ग्राफ्टन स्ट्रीटच्या बाजूने शिरताना तुम्ही एका दगडी कमानीखालून जाता. पुढच्या वेळी मान वर करून पाहा. तिथे कोरलेली नावे बोअर युद्धात पडलेल्या रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सच्या सैनिकांची आहेत. या आयरिश पलटणीच्या बिल्ल्यावर मात्र वाघ आणि हत्ती होते!

याचे कारण हिंदुस्थानात सापडते. १८८१च्या लष्करी फेररचनेत ही पलटण ईस्ट इंडिया कंपनीच्या दोन जुन्या गोऱ्या पलटणींतून घडवली गेली. पहिली बटालियन मूळची मद्रासची, दुसरी मुंबईची. ही मुंबईची पलटण ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेविरुद्ध लढली होती. म्हणून 'खडकी' हे नाव डब्लिनच्या पलटणीच्या युद्धसन्मानांत आले.

२५ एप्रिल १९१५ रोजी पहिली बटालियन गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरू लागली. बहुतेक जवान उघड्या होड्यांत होते. तुर्कांच्या गोळीबारात कित्येक जण पाण्यातच संपले. काही दिवसांतच उरलेल्यांना मन्स्टर फ्युझिलिअर्सच्या उरलेल्यांशी जोडून एक तात्पुरती बटालियन करावी लागली. तिला 'डब्स्टर्स' म्हणत.

वर्षभराने, एप्रिल १९१६च्या अखेरीस, एकाच आठवड्यात या पलटणीचे काही जवान फ्रान्समध्ये हुलुखजवळ जर्मनांच्या विषारी वायूत गुदमरत होते, तर काही डब्लिनच्या रस्त्यांवर आपल्याच देशबांधवांच्या उठावाविरुद्ध लढत होते. उठावाच्या नेत्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि लोकमत फिरले. युद्धाहून परतलेल्यांना वेगळाच देश दिसला. १९२२ मध्ये पलटण मोडली गेली. ज्या कमानीखालून तुम्ही जाता, तिला तर राष्ट्रवादी मंडळी 'गद्दारांचे दार' म्हणत.

या सैनिकांना काय म्हणावे? खडकी आठवली की माझे मन आजही अडते. पण पोटासाठी किंवा पुढाऱ्यांच्या शब्दावर परक्या राजाची बंदूक उचलणारे आपल्याकडेही होतेच. पहिल्या महायुद्धात गावातून किती माणसे गेली, हे सांगणाऱ्या शिळा महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आहेत. आपण त्यांना गद्दार म्हटले नाही. फक्त वाचायचे सोडून दिले.

डब्लिनच्या आयलंडब्रिजला ल्युटन्सने आखलेले युद्धस्मारक उद्यान आहे. दिल्लीचे इंडिया गेटही त्याचेच. या सुट्टीत मुलांना तिथे घेऊन जा, आणि गावी गेलात की ती शिळाही दाखवा.