पुंगोल : जलमार्गाच्या काठावरील लोकवस्ती

सिंगापूरच्या ईशान्य किनाऱ्यावरील पुंगोल हे एकेकाळी मासेमारी आणि वराहपालन यांवर उपजीविका करणारे गाव होते. आज तेथे बहुमजली सदनिकांचे नगर वसले असून, त्याच्या मधून ४.२ किलोमीटर लांबीचा मानवनिर्मित जलमार्ग जातो.

सिंगापूरच्या गृहनिर्माण व विकास मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. पुढच्याच वर्षी बुकित हो स्वी येथील आगीत सुमारे १६ हजार लोक बेघर झाले आणि सार्वजनिक गृहबांधणीला वेग आला. सध्या देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक रहिवासी या मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात.

पुंगोलच्या विकासाची योजना १९९६ मध्ये जाहीर झाली होती. मात्र, १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटामुळे ती रेंगाळली. २००७ मध्ये तिला नवे रूप देण्यात आले आणि २०११ मध्ये जलमार्ग खुला झाला.

हा जलमार्ग केवळ शोभेसाठी नाही. पुंगोल आणि सेरांगून या दोन जलाशयांना तो जोडतो. भरपूर पाऊस पडूनही साठवणुकीसाठी जागा अपुरी असल्याने सिंगापूरला मलेशियातील जोहोरहून पाणी घ्यावे लागते. त्यामुळे देशाच्या सुमारे दोन-तृतीयांश भूभागावरील पाऊस जलाशयांकडे वळविला जातो. साहजिकच, वस्तीच्या अंगणात पडलेला कचरा हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न ठरतो.

काठावरील ‘वॉटरवे टेरेसेस’ या संकुलाच्या इमारती भाताच्या खाचरांप्रमाणे पायरीपायरीने पाण्याकडे उतरत जातात. काठालगत पादचारी व सायकल मार्ग आणि उद्यान असल्याने तीर कोणा एका इमारतीची मालमत्ता न राहता सर्वांचा झाला आहे. खांबांवर उभारलेला ‘केलाँग’ पूल मासेमारीच्या जुन्या मचाणांची आठवण करून देतो.

शेजार जोडण्याचे काम मात्र पाण्याइतकेच मोकळ्या तळमजल्यांनी केले. १९७० च्या दशकापासून मंडळाच्या बहुतांश इमारतींमध्ये तळमजला रिकामा ठेवण्याची पद्धत रूढ झाली. तेथेच मलय कुटुंबांचे विवाह होतात, चिनी कुटुंबांचे अंत्यविधी होतात आणि वृद्धांच्या गप्पाही रंगतात.

१९६४ च्या वांशिक दंगलींचा अनुभव घेतलेल्या या देशाने १९८९ पासून प्रत्येक इमारतीत व परिसरात चिनी, मलय आणि भारतीय व इतर रहिवाशांच्या प्रमाणाची कमाल मर्यादा ठरवून दिली. त्यामुळे समाजगटांच्या वेगळ्या वस्त्या होणे टळले. परंतु घर विकताना ग्राहकांची निवड मर्यादित होते आणि त्याची झळ विशेषतः अल्पसंख्याक मालकांना बसते, ही तक्रारही कायम राहिली आहे.

पाण्याकाठचे घर सर्वत्र महाग असते. सामान्य उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेल्या सदनिका पाण्याला लागून उभ्या करणे आणि तो काठ सर्वांसाठी खुला ठेवणे, हेच पुंगोलचे वैशिष्ट्य होय.