मजजूब, पागल, स्वमग्न

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या दारात रोज जुहरच्या आधी एक तरुण येऊन बसतो. वय चोवीस. नमाजी आत गेले की तो सगळ्यांच्या चपलांच्या जोड्या लावतो. टाचा भिंतीकडे, टोके रस्त्याकडे. लहान मुलांच्या आधी, मोठ्यांच्या नंतर. कुणी उशिरा येऊन घाईत मधेच चप्पल काढली तर तो पुटपुटतो आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून लावतो. बोलतो फार थोडे. कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही. लाउडस्पीकर खरखरला की दोन्ही हात कानांवर ठेवतो.

सहावीत असताना तो माझ्या वर्गात होता. मी तेव्हा नुकताच बी.एड. होऊन उर्दू शाळेत लागलो होतो. विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक धडा आम्हाला होता. तो मी परीक्षेपुरता वाचला होता. तोच धडा मुलाचे रूप घेऊन माझ्यासमोर बसला, तेव्हा मला ओळखता आला नाही. मी त्याला हट्टी समजलो, एकदोनदा वर्गाबाहेरही उभे केले. आठवीनंतर त्याची शाळा सुटली. अठराव्या वर्षी पुण्याच्या एका डॉक्टरांनी त्याच्या आईला शब्द सांगितला, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता.

आज काही लोक त्याला मजजूब समजतात, हातावर दहाची नोट ठेवून दुवा करायला सांगतात. गल्लीतली पोरे त्याला पागल म्हणतात. कागदावर तो स्वमग्न आहे. एकाच माणसाची ही तीन नावे. प्रत्येक नावाला स्वतःचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आपल्या अहमदनगर जिल्ह्यातच (आताच्या अहिल्यानगरात) घडला आहे.

पहिले नाव सगळ्यांत जुने. सूफी परिभाषेत मजजूब म्हणजे खेचला गेलेला. ज्याला खुदाच्या ओढीत जगाचे भान उरले नाही असा. सालिक पायरीपायरीने वाट चालतो, मजजूबाला वाट आणि पायऱ्या दिसतच नाहीत. या कल्पनेचा एक सामाजिक परिणाम झाला. जो कमावत नाही, रीतीप्रमाणे बोलत नाही, एकाच जागी वर्षानुवर्षे बसून राहतो, अशा प्रौढ माणसालाही गावात जागा मिळाली. त्याला हुसकावण्याआधी लोक दोनदा विचार करू लागले.

शिर्डीचेच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे आलेल्या तरुण फकिराला गावकरी आधी वेडा फकीरच म्हणत. कोते पाटलांच्या घरातल्या बायजाबाई भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन रानात त्याला शोधत जात आणि जेवू घालूनच परतत. पुढे साईबाबा हे नाव जगभर जाईल हे त्या माउलीला कुठे ठाऊक होते? तिला एक उपाशी माणूस दिसला होता, एवढेच. पुण्याच्या कॅम्पात चारबावडीला कडुनिंबाखाली हजरत बाबाजान बसत. १९३१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत उन्हापावसात लोक त्यांना चहा पाजत, चादर पांघरत. त्या बाई होत्या, हे विशेष. रस्त्यावर राहणाऱ्या किती बायकांना असा मान मिळतो?

बाबाजानच्या भेटीनंतर, १९१३ च्या सुमारास, डेक्कन कॉलेजातला मेरवान इराणी हा तरुण कित्येक महिने खाण्यापिण्याची शुद्ध हरपून बसला होता. घरच्यांना त्याची काळजी लागली. तोच पुढे मेहेरबाबा म्हणून नगरजवळ अरणगावाशेजारी मेहेराबादला येऊन राहिला. १९३६ मध्ये त्यांनी राहुरीला एक आश्रम काढला. लोक ज्यांना वेडे म्हणत आणि मेहेरबाबा ज्यांच्यापैकी काहींना ‘मस्त’ मानत, अशी माणसे गावोगावहून शोधून तिथे आणली. बाबा स्वतःच्या हातांनी त्यांना आंघोळ घालत, त्यांची दाढी करत, घास भरवत. पुढच्या वर्षी हे काम मेहेराबादला हलले. रत्नागिरीकडचे महम्मद नावाचे एक मस्त त्या काळात आले, ते पुढे मेहेराबादलाच राहिले आणि तिथेच म्हातारे झाले.

या कामाची तपशीलवार नोंद विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टरने केली. ‘द वेफेअरर्स’ हे त्यांचे पुस्तक १९४८ मध्ये नगरहून प्रसिद्ध झाले. कोणत्या गावात कोणता मस्त, तो कुठे बसतो, काय खातो, कशाने चिडतो, अशी माहिती त्यात गावांच्या नावांनिशी आहे. अध्यात्म क्षणभर बाजूला ठेवून हे पुस्तक वाचले, तर चाळीसच्या दशकातल्या हिंदुस्थानात वेगळ्या मनाची प्रौढ माणसे कुठे आणि कशी जगत होती याचा तो मोठाच दस्तऐवज आहे. दर्ग्यांच्या पायऱ्या, बाजार, रस्त्याच्या कडा. कुणी हॉटेलवाला चहा देतो, कुणी बाई भाकर.

ही सगळी माणसे स्वमग्न होती असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे श्रद्धेलाही धरून होणार नाही आणि इतिहासालाही. त्यांत खरे फकीर असतील, मनोरुग्ण असतील, घर हरवलेले असतील. गेलेल्या माणसाची तपासणी कुणाला करता येत नाही. पण त्या गर्दीत आमच्या चपला लावणाऱ्या तरुणासारखेही काही असणार, एवढे मानायला हरकत नसावी.

दुसरे नाव सरकारी दप्तरातून आले. १८५८ मध्ये इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा केला, १९१२ मध्ये त्याजागी इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट आला. रस्त्यावर भटकणारा माणूस वेडा वाटला तर पोलिसांनी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, मॅजिस्ट्रेटने पागलखान्यात पाठवावे, अशी ती व्यवस्था. गावाने ज्याला ओट्यावर जागा दिली होती, तो कायद्याच्या नजरेत मोकाट ठरला. नागपूरचे ताजुद्दीनबाबा १८९२ मध्ये पागलखान्यात गेले आणि सोळा वर्षे तिथे राहिले. लोकांची श्रद्धा मात्र भिंतींना जुमानत नव्हती. भेटायला येणाऱ्यांची तिथेही रीघ लागे. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची जबाबदारी घेऊन त्यांना बाहेर आणले. एका मुसलमान फकिराची हमी एका मराठा राजाने घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्यांची हमी घ्यायला कुणी राजा आला नाही, त्यांचे आयुष्य त्या भिंतींच्या आत संपले, हे मात्र सांगायचे राहून जाते.

तिसरे नाव सगळ्यांत नवे. १९४३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून ऑटिझमची वेगळी ओळख पटवली. ही अवस्था अर्थातच नावाच्या आधीपासून होती. स्कॉटलंडमधल्या ह्यू ब्लेअर नावाच्या जमीनदारपुत्राचा खटला १७४७ मध्ये एडिंबरोला चालला. हा चाळिशीला टेकलेला माणूस पक्ष्यांची पिसे गोळा करी, चर्चमध्ये ठरल्या जागीच बसे, बोलावणे नसताना अंत्ययात्रांना जाई. मालमत्तेसाठी धाकट्या भावाने त्याचे लग्न रद्द करवून घेतले. त्या खटल्यातल्या साक्षी वाचून रॅब ह्यूस्टन आणि उटा फ्रिथ या अभ्यासकांनी २००० मध्ये पुस्तक लिहिले आणि तो स्वमग्न असावा असे दाखवले. मालमत्ता आणि धाकटा भाऊ! हा भाग वाचताना मला स्कॉटलंड फार दूर वाटले नाही.

कॅनर यांच्या यादीतला पहिला मुलगा होता मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड ट्रिप्लेट. नऊ वर्षांचा असताना आईबापांनी त्याला एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. त्याला मोजण्याचा छंद होता. त्यांनी तो मोडला नाही. विहिरीची खोली मोजायला लावली, मक्याच्या ओळी मोजता मोजता नांगर धरायला शिकवले. हा मुलगा पुढे कॉलेजात गेला, गावातल्या बँकेत काम केले, गाडी चालवली, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी वारला. १९७१ मध्ये कॅनर यांनी त्या अकरा मुलांचा पुन्हा शोध घेतला. जी मोठ्या सरकारी संस्थांत गेली होती ती कोमेजून गेली होती. डोनाल्डचे घर पैशाने भक्कम होते हे खरे. पण त्याच्या छंदाला काम जोडणारे ते शेतकरी नवराबायको आणि बायजाबाईची टोपली मला एकाच जातीची वाटतात.

मग जुनेच बरे होते का? नाही. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी गृहाला आग लागली. बरे होण्याच्या आशेने घरच्यांनी आणून सोडलेली माणसे तिथे साखळ्यांनी बांधलेली होती. पळता आले नाही. २८ जण गेले. श्रद्धेने दिलेली जागा हा हक्क नसतो, मेहेरबानी असते. आणि मेहेरबानीच्या हातात कधी भाकर असते, कधी साखळी. हे मुस्लिम समाजाने स्वतःशी मोकळेपणाने बोलले पाहिजे.

हक्काची वाट कायद्याने हळूहळू उघडली. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो प्रथम आला. या कायद्याने अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करायचा. ‘निरामय’ या आरोग्य विमा योजनेत एक लाखापर्यंत खर्च मिळतो. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले, ऑटिझम त्यांत आहे. आमच्या मोहल्ल्यात हे कुणाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. दुर्बल बुद्धीच्या माणसाची मालमत्ता सांभाळा, पण त्यातून त्याला खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या आणि त्याच्याशी गोड बोला, असा हुकूम सूरह निसामध्ये चौदाशे वर्षांपूर्वीच आला आहे. तो मात्र आम्हाला तोंडपाठ आहे.

गेल्या रमजानआधी मशिदीत चपलांसाठी लोखंडी रॅक बसवला. कुणाचाच वाईट हेतू नव्हता. पण त्या तरुणाचे काम गेले. तो चार दिवस घरात भिंतीवर डोके आपटत राहिला. त्याची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “सर, लोगां उसकू अल्लावाला बोलते, दुवा करने बोलते. मेरे बाद उसकू दो टाइम की रोटी कौन देगा, वो कोई नै बोलता.”

तेरा वर्षांपूर्वी मी त्याला वर्गाबाहेर उभे केले होते, ते तिला माहीत असेल की नाही, कुणास ठाऊक. मी विचारले नाही. मशिदीच्या जबाबदार मंडळींशी बोललो. रॅक राहिला, पण जोड्या लावण्याचे काम त्याला परत मिळाले. आता दर महिन्याला थोडे पैसेही त्याच्या हातावर ठेवतात. मामेभावाला पालक नेमावे म्हणून अर्ज मी लिहून दिला आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

मजजूब या नावाने त्याला मान दिला, पागल या नावाने कुलूप दिले, स्वमग्न या नावाने हक्क दिला. तिन्ही नावांनी न दिलेली एक गोष्ट उरते. आई गेल्यानंतरच्या सकाळी त्याच्या दारात कुणीतरी भाकर घेऊन उभे असणे. ती कायदा देऊ शकत नाही, ती मोहल्ल्यानेच द्यायची असते. शिर्डीत एका बाईने ती दिली होती, आणि त्यासाठी तिने त्या फकिराला नाव विचारले नव्हते.