कर्कपेशींची लस : एका प्रयोगपद्धतीचा इतिहास

देवीच्या किंवा प्लेगच्या लशीमागील कल्पना आपल्या परिचयाची आहे. रोगजंतू बाहेरून येतो. त्याची ओळख शरीराला आधीच करून दिली की ते सावध राहते. कर्कपेशी मात्र आपल्याच पेशीपासून उपजते. जे आपलेच, त्याला शरीर परके कसे मानणार? या प्रश्नाचा माग काढताना कर्कपेशींचीच लस उंदरांना टोचून पाहण्याची पद्धत प्रयोगशाळेत घडत गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अर्बुदे एका उंदरातून दुसऱ्यात रुजवण्याचे प्रयोग झाले. अनेक उंदरांनी ती झिडकारली आणि लशीची आशा पालवली. ती फोल ठरली; कारण तेच उंदीर परक्या उंदराची निरोगी त्वचाही झिडकारत. नकार कर्करोगाला नव्हता, परकेपणाला होता. या परकेपणाचे मूळ जनुकांत आहे, हे पीटर गोरर व जॉर्ज स्नेल यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले.

भावंडांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले, जनुकांनी जवळजवळ एकसारखे उंदीर उपलब्ध झाल्यावर हा प्रश्न नेमकेपणाने विचारता आला. १९४३ मध्ये लुडविक ग्रॉस यांनी अशा उंदरांच्या त्वचेत कर्कपेशी टोचल्या. ज्यांची गाठ विरघळली, ते पुढे त्याच अर्बुदाला दाद देईनात. १९५७ मध्ये रिचमंड प्रेन आणि जोन मेन यांनी रसायनाने निर्माण केलेल्या अर्बुदांवर काम करताना कळीची पडताळणी केली. प्रतिकार करणाऱ्या उंदरांनी, अर्बुद जिच्यात उपजले त्या उंदराची त्वचा मात्र स्वीकारली. १९६० मध्ये स्वीडनमध्ये जॉर्ज क्लाइन व सहकाऱ्यांनी उंदराची गाठ काढून, तिच्याच किरणोत्सर्गाने निष्प्रभ केलेल्या पेशी त्याच उंदराला टोचल्या. तरीही प्रतिकार दिसला.

परंतु १९७६ मध्ये ब्रिटनमधील हेविट आणि सहकाऱ्यांनी आपोआप उद्भवलेली २७ अर्बुदे तपासली. प्रतिकाराचा पुरावा एकातही आढळला नाही. रसायनजन्य अर्बुदांवरून मानवी रोगाविषयी अनुमान काढणाऱ्यांना हा गंभीर इशारा होता.

१९९३ मध्ये ड्रॅनॉफ व सहकाऱ्यांनी ‘बी-१६’ या रंगपेशींच्या कर्करोगाच्या पेशींत जीएम-सीएसएफ हे प्रथिन स्रवणारे जनुक घातले. अशा निष्प्रभ पेशी टोचलेल्या उंदरांनी नंतर टोचलेल्या जिवंत पेशींना थोपवले. रुजलेल्या गाठीपुढे मात्र ही लस अपुरी पडे. १९९९ मध्ये जेम्स ॲलिसन यांच्या गटाने तिला सीटीएलए-४ हा प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणाऱ्या प्रतिपिंडाची जोड दिली, तेव्हा रुजलेल्या गाठीही बहुतेक उंदरांत नाहीशा झाल्या. बचावलेल्या अनेक उंदरांच्या काळ्या केसांत पांढरे डाग उमटले. शरीराने कर्कपेशींबरोबर स्वतःच्या निरोगी रंगपेशींवरही हल्ला केला होता. ‘आपले’ आणि ‘परके’ यांतील सीमारेषा मानली होती तितकी पक्की नव्हती.

रुग्णांसाठी ही लस तेवढी फळली नाही. प्रोस्टेट कर्करोगावरील तिच्या मोठ्या चाचण्या २००८ मध्ये थांबवाव्या लागल्या. सीटीएलए-४ रोखणारे औषध मात्र २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २०१८ मध्ये ॲलिसन यांना तासुकू होन्जो यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. औषध म्हणून मागे पडलेली लस प्रश्न विचारण्याचे साधन म्हणून कामी आली. त्या साधनाला विश्वासार्हता दिली ती त्वचेच्या एका तुकड्याने केलेल्या पडताळणीने. यशाचा आनंद मानण्यापूर्वी त्याचे दुसरे कारण शोधून पाहावे, ही शिस्त विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या इतिहासातून अवश्य घ्यावी.