परसातली कोंबडी आणि तुराटीचे डालगे

इंग्रजी अमलात सोलापूरचा जिल्हा झाला आणि तेव्हापासून जमाबंदीच्या, दुष्काळाच्या व गुराढोरांच्या गणतीच्या कागदांनी कचेरीची दफ्तरे भरत गेली. परंतु या जिरायती मुलखातील गरीब घराला अडीअडचणीच्या दिवशी चार पैसे देणाऱ्या कोंबडीची त्या कारभाराला आठवण होई ती बहुधा साहेबाचा मुक्काम पडल्यावर सरबराईसाठी. बैल म्हणजे रयतेची सारा भरण्याची ऐपत, आणि कोंबडी म्हणजे घरच्या बाईच्या पदराच्या गाठीतला हिशेब. त्यामुळे तिच्या आजारपणाचा व तिच्या कळपातील कलहाचा इतिहास शोधावयाचा तर कागदांपेक्षा परसातल्या वस्तूच अधिक बोलक्या ठरतात.

त्या वस्तूंत पहिला मान डालग्याचा. तुरीच्या शेंगा झोडून झाल्यावर उरलेल्या तुराट्यांपासून कैकाडी विणीत ते हे टोपले, एरवी कणसे नि शेणी वाहणारे, पालथे घातले की कोंबडीचे घर होई. वीण विरळ असे. आतल्या पक्ष्याला वारा लागे, बाहेरचे सारे दिसे, आणि बाहेरच्या दांडगट कोंबडीला मात्र आत शिरता येत नसे. (ज्यांच्या हातची ही वीण, त्या कैकाड्यांनाच पुढे गुन्हेगार जमातींच्या कायद्याने सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या कुंपणाआड डालून हजेरी द्यावयास लावले, ही गोष्ट येथे ओघाने आली तरी विसरण्याजोगी नाही.)

ज्वारीची मूठ अंगणात फेकली की पहिला दाणा कोण टिपते, कोण बाजूला सरते आणि कोण सर्वांचे झाल्यावर येते, हा क्रम घरच्या बाईला पाठ असे. नॉर्वेच्या श्येल्डेरूप-एब्बे या संशोधकाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२२ साली हाच क्रम शास्त्राच्या भाषेत मांडला: प्रत्येक कोंबडीने कोणाला टोचावे आणि कोणाकडून टोचून घ्यावे हे ठरलेले असते, आणि ते ठरलेले आहे तोवर कळपात शांतता नांदते. हा बंदोबस्त मोडतो तो एखादी कोंबडी आजारी पडली म्हणजे. तिचा तुरा फिका पडतो, पंख ओघळतात, पिसे फुगवून ती कोपऱ्यात उभी राहते; आणि कालपर्यंत तिच्यापुढे माना वळविणाऱ्या तिच्या डोक्यावर चोची मारू लागतात. रक्ताचा एक थेंब दिसला की बाकीच्याही धावून येतात. १८७७ साली सोलापुरातली ‘जुनी गिरणी’ सुरू झाल्यानंतर वाढत गेलेल्या कामगारवस्तीसारख्या अरुंद जागी, जेथे पळावयास परस नाही आणि दाण्याचे भांडे एकच, तेथे हा जाच अधिकच व्हावयाचा.

अशा वेळी जखमेवर तेलात कालवलेली हळद लावीत; तिने लाल रंगही झाकला जाई. मग कोंबडी डालग्याखाली जाई; पण डालगे ठेवावयाचे ते त्याच अंगणात, हे यातले मर्म. कळपाच्या दृष्टीआड गेलेली कोंबडी काही दिवसांनी परतली तर ती परकी ठरते आणि तिला पुन्हा पहिल्यापासून मार खावा लागतो. विरळ विणीआडून दिसत राहिलेली मात्र ओळखीची राहते. बरी झाल्यावर तिला दिवसाउजेडी न सोडता रात्री खुराड्यात इतरांशेजारी बसवीत, कारण अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही आणि भांडणाला तोंड फुटत नाही. माझ्या मते ही शुश्रूषा कोणत्याही दवाखान्याला लाज आणणारी नव्हती.

परंतु ती मानमोडीच्या साथीपुढे हतबल होती. हिरवट-पांढरी हगवण, उघड्या चोचीने धाप, लुळा पंख, पिळवटलेली मान, आणि चारदोन दिवसांत खुराडे रिकामे! १९१८च्या इन्फ्लुएंझालाही लोकांनी हेच नाव दिले होते, यावरून त्या नावाची दहशत कळावी. बाई मरीआईला नवस बोले आणि उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात विके, त्यामुळे साथ पुढच्या गावी जाई. तिला दोष कसा द्यावा, हातचे चार पैसे वाचविण्याचा दुसरा उपाय तिच्यापाशी नव्हता. आजारी कोंबडीला अंगणातच ठेवण्याची जी रीत जाचावर गुणकारी, तीच येथे घातक ठरे.

या रोगाचा आपल्याकडील छडा हिमालयात लागला. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ साली कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलविण्यात आली होती. तेथील संचालक एडवर्ड्‌स यांनी जवळच्याच राणीखेत येथे उद्भवलेल्या साथीचे वर्णन १९२८ साली प्रसिद्ध केले, आणि सरकारी कागदांत मानमोडी ‘राणीखेत’ झाली. त्याआधी, १९२६ साली, जावा बेटात व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे हाच रोग आढळला होता. १९४०च्या दशकात मुक्तेश्वरातच या रोगाची लस सिद्ध झाली. रोग जडल्यावर औषध नाही, जडण्यापूर्वी टोचणी हाच इलाज, ही गोष्ट मात्र गावोगाव पटावयास वेळ लागला.

शिवाय लस बर्फात ठेवावी लागते, एकदा कालवली की काही तासांतच संपवावी लागते, आणि बाटली उघडावयाची ती पुष्कळ पक्ष्यांसाठी. पाचसात कोंबड्यांच्या घरासाठी कोण उघडणार? म्हणून आळीतल्या बायकांनी एकत्र ठरवून, पहाटे खुराडी उघडण्यापूर्वीच टोचणी उरकण्याची तजवीज करावी लागते. त्यातही आजारी पक्ष्याला टोचावयाचे नसते. ज्वारी फेकल्यावर काल कोण मागे राहिली हे टोचणाऱ्याने घरच्या बाईला विचारावे, आणि ती दाखवील तिला, या खेपेस अंगणापासून दूर, डालावे.