मनी वसे ते पडद्यावर दिसे

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. मनात दडलेले काही स्वप्नातून वर येते, हे आपल्या बायकांना शाळेत न जाताही ठाऊक होते. आज आम्ही सांगणार आहोत ते सिनेमाबद्दल. बाईच्या मनातले हे स्वप्न पडद्यावर कसे आले, त्याची ही गोष्ट.

याला निमित्त झाली आमच्या गटातली एक मैत्रीण. ती एकदा बैठकीत म्हणाली, "मला सारखं एकच स्वप्न पडतं. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याच हातात आहे, पण दार काही उघडत नाही." घरी सांगितले तर सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, कुणाला तरी दाखव. नवरा नुसता हसला. आम्हालाही त्या दिवशी काय बोलावे ते सुचले नाही.

आता थोडे मागे जाऊ. १८९५ साली पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून सिनेमा दाखवला. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ ला, तो मुंबईत वॉटसन हॉटेलात आला. त्याच सुमारास व्हिएन्ना शहरात सिग्मंड फ्रॉइड नावाचे डॉक्टर स्वप्नांचा अभ्यास करत होते. त्यांचे पुस्तक १९०० सालचे म्हणून ओळखले जाते. जे आपण जागेपणी स्वतःशीही कबूल करत नाही, ते स्वप्नात वेष बदलून येते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे सिनेमा आणि मनाचे हे शास्त्र जवळजवळ बरोबरीनेच वाढले.

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१८ च्या 'श्रीकृष्ण जन्म' मध्ये कंसाची भीती दाखवली. कंसाला भास होतो आणि स्वतःचेच शीर धडावेगळे झालेले दिसते. जर्मनीत १९२६ साली पाब्स्ट यांनी 'एका मनाची रहस्ये' अशा अर्थाच्या नावाचा सिनेमा काढला. त्यातल्या माणसाला सुरीची भीती बसते आणि डॉक्टर त्याच्या स्वप्नांवरून कारण शोधतात. १९५१ च्या 'आवारा' मधले राज कपूरचे स्वप्न तर आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिले असेल. पण लक्षात घ्या, ही सगळी स्वप्ने पुरुषांची आहेत. मग बाईचे स्वप्न कुणी दाखवले? बायांनीच.

फ्रान्समध्ये जर्मेन ड्युलाक नावाची बाई होती. आधी ती स्त्रियांच्या हक्कांसाठी चालणाऱ्या पत्रात लिहायची, मग सिनेमा करू लागली. १९२३ च्या तिच्या सिनेमात बदे नावाच्या एका कापड व्यापाऱ्याची बायको आहे. तिला पियानो वाजवायची, वाचायची आवड. नवरा रागावला की पियानोला कुलूप लावून जातो. रिकामे पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावून बायकोला घाबरवायची त्याला खोड आहे. ती गप्प बसते, पण मनात काय काय चालते! मासिकातल्या चित्रातला खेळाडू जिवंत होऊन नवऱ्याला उचलून नेतो, असे तिला दिसते. एक दिवस ती त्या पिस्तुलात खरीच गोळी भरते. नवरा चेष्टेने ते तिच्यावरच रोखतो. गोळी सुटते, पण नेम चुकतो. त्याला वाटते, बिचारी स्वतःचा जीव देणार होती. तो तिला जवळ घेतो, पण खरे काय ते शेवटपर्यंत त्याला कळत नाही. हा सिनेमा आला तेव्हा फ्रान्समधल्या बायांना मताचा हक्कही नव्हता. तो १९४४ साली मिळाला, आणि जर्मेनबाई १९४२ मध्येच गेल्या होत्या.

दुसरी बाई माया डेरेन. जन्म १९१७ सालचा, कीव्ह शहरातला. ती लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले. वडील मनाचे डॉक्टर होते. 'माया' हे नाव तिने १९४३ मध्ये घेतले, आपल्याच संस्कृतातले. वडिलांच्या मागे आलेल्या पैशातून तिने एक जुना, चावी देऊन चालवायचा कॅमेरा घेतला. त्याच वर्षी तिने आणि नवऱ्याने राहत्या घरात चौदा मिनिटांचा सिनेमा केला. नटी तीच. हॉलिवूड नुसत्या लिपस्टिकवर जेवढे उडवते, तेवढ्यात माझा सिनेमा होतो, असे ती म्हणायची.

त्या सिनेमात एकही शब्द नाही. एक बाई घरी येते. हातातली किल्ली पायऱ्यांवरून घरंगळते. आत टेबलावर पाव, पावात सुरी, जिन्यावर उचलून ठेवलेला फोन. ती खुर्चीत बसते, डोळा लागतो. मग स्वप्नात ती पुन्हा घरी येते, पुन्हा येते, आणखी एकदा येते. काळ्या वस्त्रातल्या कुणाच्या तरी मागे धावते, तर त्याला चेहराच नाही, चेहऱ्याच्या जागी आरसा. किल्ली तोंडातून निघते. हातात घ्यावी तर तिची सुरी होते. शेवट सुखाचा नाही, त्या बाईचा जीव जातो.

पाहा, यात भूत नाही, राक्षस नाही. किल्ली, सुरी, पाव, जिना, रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तू. त्याच स्वप्नात भीती होऊन येतात. मायाबाईंना सिनेमासाठी १९४६ मध्ये गुगनहाइम अभ्यासवृत्ती मिळाली. त्यातून त्या हैती बेटावर गेल्या आणि तिथे लोकांच्या अंगात येते त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. हसल्या नाहीत, घाबरवलेही नाही. आधी समजून घेतले.

हा सिनेमा आम्ही एका दुपारी मोबाइलवर पाहिला. ती मैत्रीणही होती. सिनेमा संपल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ती म्हणाली, "ती चारदाच आली गं त्या घरात. मला रोज यावं लागतं." आणि तिने मनात ठेवलेली गोष्ट सांगितली. ती गोष्ट तिची आहे, ती आम्ही इथे सांगणार नाही. एवढेच सांगतो, ते 'बाहेरचं' काही नव्हते. घरातलेच होते.

म्हणून मैत्रिणींनो, गटात कुणी स्वप्न सांगितले तर अर्थ सांगायची घाई करू नका. आधी ऐका. सारखी झोप मोडत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत. आणि पुढच्या बैठकीत एकदा सगळ्याजणी एकमेकींना विचारा, तुला कोणते स्वप्न सारखे पडते?