कातारी, पारधी आणि तित्तराची हाक

इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही अपूर्व पशुपक्षी विकत घेऊन जहांगीर बादशहाला नजर केले. त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्यामानेचा रंग सरड्यासारखा पालटतो, कधी पोवळ्यासारखा लाल तर कधी कापसासारखा पांढरा होतो, याचे बादशहाला इतके नवल वाटले की त्याने ते आपल्या आत्मचरित्रात नोंदवले. उस्ताद मन्सूरने या पक्ष्याचे चित्र काढले. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अमेरिकेतले पाखरू पोर्तुगीज जहाजांतून गोव्याला आणि तिथून आग्र्याला पोहोचले ते असे. आपल्याकडे मात्र ते रानात रुळले नाही, खुराड्यातच राहिले.

जिथे हा पक्षी रानात आहे तिथे त्याच्याभोवती एक निराळाच धंदा उभा राहिला. टर्कीला बोलावण्याची लाकडी वाद्ये लेथवर कातायची. या वाद्यांविषयी मी वाचू लागलो तो लाकूडकामाच्या आवडीने. पण त्या वाचनाने मला शेवटी माझ्याच जिल्ह्यातल्या माळावर आणून सोडले.

आधी त्या वाद्यांबद्दल. एका प्रकारात लाकडाची उथळ वाटी कातून काढतात. अक्रोड, चेरी, सीडर अशी लाकडे वापरतात. वाटीच्या तळाला भोके पाडतात आणि तोंडावर पाटीच्या दगडाची किंवा काचेची चकती बसवतात. लाकडी काडीचे टोक चकतीवर घासले की मादी टर्कीचा किरकिरा आवाज निघतो. भिंतीची जाडी, आतल्या पोकळीची खोली, चकतीखालच्या पडद्याचे अंतर यांत केसभर फरक पडला तरी मादी बेसूर होते. दुसरा प्रकार चिमुकल्या तुतारीसारखा. गंमत म्हणजे ती फुंकायची नसते, ओठांनी हवा आत ओढायची असते. तिचे मूळ तिथल्या आदिवासींनी टर्कीच्याच पंखाच्या हाडांपासून केलेल्या नळीत आहे. पक्ष्याच्या हाडातून पक्ष्याचा आवाज, आणि पुढे त्याच नळीची लेथवर कातलेली लाकडी नक्कल. पेटीसारख्या तिसऱ्या प्रकाराचे तर १८९७ मध्ये आर्कान्सातल्या हेन्री गिब्सनने पेटंटच घेतले.

या सगळ्यामागची युक्ती एकच. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून हा रिवाज उलटा करतो आणि नराला आपल्यापर्यंत चालवत आणतो.

आता धाराशिवच्या माळाकडे वळू. बालाघाटाच्या पठारावर, कुसळी गवत आणि बोरी-बाभळी आहेत तिथे, पहाटे आणि तिन्हीसांजेला एक हाक ऐकू येते : का-ती-तर, का-ती-तर. तित्तराचे नाव त्याच्या आवाजातूनच आलेले आहे. संस्कृतात तो तित्तिर. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेली विद्या तित्तिर होऊन टिपणाऱ्या शिष्यांची कथा आपण जाणतोच; तैत्तिरीय शाखा ती हीच. माळावरच्या नर तित्तराची हाक मात्र विद्येची नाही, मालकीची आहे. ही जागा माझी, असे तो ओरडून सांगतो. दुसरा नर जवळ येऊन ओरडला तर हा तडक भांडायला धावतो. टर्कीच्या बाबतीत मामला प्रेमाचा, इथे भावकीच्या बांधाचा.

फासेपारध्याने नेमके हेच हेरले. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून दुसऱ्याच्या हद्दीत ठेवायचा, भोवती फासे मांडायचे आणि गप्प बसायचे. पिंजऱ्यातला बोलला नाही तर पारधी स्वतः तोंडाने बोलतो. तित्तर उडण्यापेक्षा पळणे पसंत करतो, तेही गवतातल्या ठरलेल्या वाटांनी. म्हणून जमिनीलगत खुंट्यांना बांधलेल्या फाशांची ओळ त्याला पुरते. फासे पूर्वी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे असत, पुढे नायलॉनचे आले. पण बोलावणे कायम तोंडाचे राहिले. जीभ, टाळू, ओठ आणि तोंडापुढे धरलेली ओंजळ, एवढाच सरंजाम.

फासेपारधी घरात वागरी बोलतात. वागुरा म्हणजे जाळे, त्यावरून हे नाव आले असे मानतात. या प्रांतात पारधीची विद्या राजमान्यही होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ते कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या उमरग्यापासून फार लांब नाही. त्या ग्रंथात मृगया, ससाण्याची शिकार, लाव्यांच्या झुंजी हे राजाचे विनोद म्हणून सविस्तर येतात. राजाने केले की विनोद आणि पारध्याने केले की गुन्हा, हा फरक पुढच्या काळाने पाडला.

मला छळणारा प्रश्न असा की ही हाक आपल्याकडे लाकडात का उतरली नाही? लाकूड कातणारे नव्हते म्हणावे तर कातारी होते. दोरीच्या ओढीने खुंटाभोवती लाकूड फिरवायचे आणि पटाशी टेकवायची. पाळण्याचे खांब, बाजेचे पाय, लाटणी, भोवरे असेच निघत. आवाजाचे लाकूडही आपल्याला नवे नाही. तुळजाभवानीच्या दारी चौघड्याबरोबर वाजणारी सनई घ्या. निमुळती पोकळी, मोजून पाडलेली भोके, हे काम टर्कीच्या नळीपेक्षा अवघडच आहे. म्हणजे हत्यार होते, हात होते आणि कानही होते.

माझे उत्तर असे आहे. कातारी गावात होता आणि पारधी वेशीबाहेर. एका जागी दोन दिवस पाल टाकले की तिसऱ्या दिवशी उठवला जाणारा माणूस कातकाम सांगायला कोणाच्या ओसरीवर जाणार? शिवाय त्याचे बिऱ्हाड गाढवाच्या नाहीतर गाईच्या पाठीवर मावेल एवढेच असे. तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते, ते म्हणजे झडती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माने गुन्हेगार ही कल्पना कागदावर आणली आणि १९११ च्या कायद्याने ती ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरली. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात, पण शेजारचे सोलापूर इंग्रजांकडे, आणि पारध्याची फिरती या सीमेच्या दोन्ही बाजूंना. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. तो भाग अजून सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. अशा माणसाजवळ फासे सापडले तरी पुरे होत. त्यात आणखी वाद्य बाळगून तो काय करणार?

पाथरुडाकडच्या एका पालावर मी एका वृद्ध पारध्याला हाच प्रश्न विचारला. आधी त्यांनी मलाच विचारले, “कशाला पायजे, सर? पुन्हा काय केस-बीस?” मी म्हणालो, “नाही बाबा, लिहायचं आहे.” मग ते हसले. “लाकूड झडतीत घावतंय. तोंड कसं घावंल?”

त्यांच्या एका वाक्याने माझे तीन मुद्दे अनावश्यक ठरले, पण मी ते ठेवले आहेत. संशोधकाला तेवढा मोह असतो.

या विद्येची लेखी नोंद कोणी केली हेही पाहण्यासारखे आहे. १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी केनेडी यांचे ‘गुन्हेगार वर्गां’वरचे पुस्तक आले. त्यात पारध्यांवर मजकूर आहे, पण तो पोलिसांना ओळख पटावी म्हणून. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याच्या कामासाठी बिहारच्या मीरशिकार फासेकऱ्यांना जवळ केले. म्हणजे पाखरू जिवंत धरण्याचे कसब शास्त्राला उपयोगी पडते, हे आपल्याकडे कळलेले होते. ती कड्यांची जोडणी पारध्यांच्या वाट्याला आली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेत काय झाले? तिथेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटर्की बेसुमार शिकारीने आणि जंगलतोडीने बहुतेक राज्यांतून नाहीसा होत आला होता. १९३७ मध्ये तिथे बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा झाला. टर्की धरून नव्या जंगलांत सोडण्यात आले आणि संख्या सावरली. शिकाऱ्यांनी १९७३ मध्ये टर्कीसाठी राष्ट्रीय संघटना काढली. तिच्यातर्फे आवाज काढण्याच्या आणि वाद्ये बनवण्याच्या स्पर्धा होतात. कारागीर वाटीच्या तळाला आपले नाव कोरतो, आणि शौकीन तशी वाटी कपाटात ठेवतात, कधीच न वाजवता.

आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ ला पारधी विमुक्त झाले, कागदावर. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली दारेही बंद झाली. तित्तराच्या बाजूने पाहिले तर हा कायदा हवाच होता आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण तित्तराचा माळ नांगराखाली, प्लॉटिंगखाली आणि पवनचक्क्यांच्या रस्त्यांखाली गेला, त्याबद्दल कोणाची झडती झाली नाही. येडशीच्या रामलिंग घाटात सुमारे २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, तिथे हाक ऐकू येते. ती ओळखू शकणारी माणसे त्या अभयारण्याच्या कामावर किती, हा प्रश्न विचारायला हवा.

तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. तिच्याशी निगडित असलेल्या गिरीश प्रभुणे यांनी पारध्यांवर पुस्तक लिहिले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पारधी मुलाला जातीचा दाखला आणि शाळेचे बाक मिळणे हे हाकेपेक्षा मोठे, यात मला शंका नाही. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. त्यांच्या पक्षिकोशात पक्ष्यांची लोकभाषांतली नावे आली, म्हणून निदान शब्द तरी राहिले. हाक मात्र अक्षरांत मावत नाही. ‘का-ती-तर’ लिहिले तरी स्वर कुठे चढतो, दोन हाकांमध्ये किती दम घ्यायचा, घाबरलेल्या तित्तराची ‘खिर्र’ कधी मिसळायची नाही, हे लिहून कळत नाही.

त्या वृद्धांनी मला हाक काढून दाखवली ती दोनदाच, आणि हलक्या आवाजात. त्यांचा नातू शेजारीच मोबाईलवर क्रिकेट बघत होता. दुसऱ्या हाकेला त्याने मान वर केली आणि मला विचारले, “कोणता पक्षी आहे हा, सर?”